वाचक दमलेले असताना काय लिहायचं?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर पहिल्याच रविवारी मी लांबलचक लेख लिहिला: कोयनेतून विसर्ग कधी वाढला, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा, म्हणजे मागे तुंबणारं पाणी, खरा किती, पूररेषेतली बांधकामं कशी झाली. दोन रात्री जागून लिहिला होता. नंतर गावभागातल्या, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीतल्या, एक काकू मंडईत भेटल्या. माझं एकही लिखाण न चुकवणाऱ्या बाई. म्हणाल्या, "वाचायला घेतलं होतं गं, पण अर्ध्यात ठेवलं. घरात अजून चिखलाचा वास येतोय. लग्नाचा अल्बम सगळा चिकटून बसलाय, त्याचं काय करायचं ते कुणी सांगेना."

पुढच्या रविवारी मी अल्बमवर लिहिलं. माझं दुसरं काहीच तेवढं फिरलं नाही. तेव्हापासून विषय ठरवायची माझी रीत बदलली. तुम्ही लिहीत असाल आणि वाचक गळून गेलेत असं जाणवत असेल, तर ही रीत करून बघा.

आधी लोक कशानं दमलेत ते शोधा. "हल्ली कुणी वाचत नाही" असं म्हणून हा प्रश्न सोडून देऊ नका. पुराच्या दिवसांत आमच्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "पुलाची पातळी किती झाली?" दिवसभर फूट, इंच आणि क्युसेक ऐकून कान किटतात. तो माणूस बातमीनं दमलेला असतो. तासगावचा द्राक्षबागायतदार वेगळाच दमतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डावणी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं तो रात्री-अपरात्री फवारणी करतो. त्याचं अंग दमलेलं असतं, वाचायची इच्छा असते पण डोळे मिटतात. आणि तिसरे वाचक तुम्हालाच कंटाळलेले असतात, कारण तुम्ही सहा महिने एकच गोष्ट सांगताय. या तिघांना एकच औषध चालत नाही.

अंग दमलेल्यांचं सोपं आहे. लेख निम्मा करा, एकाच गोष्टीवर लिहा, नाहीतर हंगाम संपेपर्यंत थांबा. बागायतदारांसाठीचं मोठं लिखाण मी आता माल उतरल्यावरच काढते.

बातमीनं दमलेल्यांचं अवघड आहे, कारण त्यांचं दुःख टाळून चालत नाही. शेजारची गल्ली पाण्यात असताना नुसतं हलकंफुलकं लिहिलं तर लोकांना राग येतो, आणि तो रास्त आहे. मी अशा वेळी त्या मोठ्या घटनेतली एक वस्तू धरते. घरात असलेली, हातात घेता येणारी, आणि जिच्याबद्दल आज संध्याकाळपर्यंत काहीतरी करता येईल अशी.

त्या अल्बमचंच बघा. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटलेले असतील तर ते सुकू द्यायचे नाहीत. सुकले की वरचा थर एकमेकांना धरून बसतो आणि ओढताना चेहरेच निघून येतात. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवायचे, आपोआप सुटू द्यायचे, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही. मग जुन्या सुती कपड्यावर चित्राची बाजू वर करून सावलीत, पंख्याखाली. उन्हात फोटो वाकतात. काचेच्या फ्रेममध्ये चिकटलेला फोटो कोरडा ओढायचा नाही, काचेसकट पाण्यात घालायचा. कागदपत्रांच्या मध्ये वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई उतरते. कोरे कागद घालावेत आणि ओले झाले की बदलावेत. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात सगळं उरकणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावं, सवडीनं काढावं. गावभागात वीज नव्हती, म्हणून वीज असलेल्या विश्रामबाग भागात कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडे पाठवा, असंही लिहिलं.

हे सगळं मी आधी घरी करून बघितलं होतं. वहिनींच्या माहेरचे अकरा फोटो परातीत घातले, नऊ सुटले. दोन सुटले नाहीत हेही लिहिलं. दमलेल्या माणसाला खोटी आशा दाखवू नये, त्याच्याकडे पुन्हा उभारी धरायला ताकद नसते.

यात धरणाचा विसर्ग कुठेच नव्हता, पण पूर प्रत्येक ओळीत होता. कोण चुकलं हा प्रश्न महत्त्वाचाच आहे, तो मी सोडलेला नाही. नंतर जानेवारीत, घरं सारवून-रंगवून झाल्यावर, तोच जुना लेख दुरुस्त करून पुन्हा दिला. तेव्हा लोकांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि भांडलेसुद्धा.

विषय सापडत नसेल तर लोक काय विचारतायत ते ऐका. त्यांची मतं नकोत, प्रश्न हवेत. मी पिठाच्या गिरणीत रांगेत उभी असताना ऐकते, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ऐकते, आणि घरी आल्यावर वहीत जसंच्या तसं उतरवते. "अल्बमचं काय करायचं ते कुणी सांगेना" हे वाक्य त्या वहीत आहे. एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांकडून आला की त्यावर लिहायचं, असा माझा नियम आहे. एकानंच विचारला तर त्यालाच फोन करून सांगते.

एप्रिल २०२१ मध्ये मात्र हा नियम मोडावा लागला. प्राणवायूचे सिलिंडर, बेड, रेमडेसिव्हिर, याशिवाय कुणी काही विचारतच नव्हतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही त्यावर लिहू नये, असं मी तेव्हा ठरवलं. मी कुरडयांवर लिहिलं. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी हलक्या हातानं ओतायचं. हातांना काम आणि चार दिवसांचा हिशेब, एवढंच त्यात होतं. पहिली ओळ लिहायला मात्र एक अख्खी दुपार गेली. ती अशी होती: "ज्यांच्या घरातलं माणूस या आठवड्यात गेलं आहे, त्यांनी हे आज वाचू नये, मी पुढेही इथेच आहे." अशी ओळ लिहायचा संकोच करू नका. त्यातल्या दोघींनी पावसाळ्यात मला लिहून कळवलं की ती ओळ वाचून त्यांनी ते मिटून ठेवलं आणि नंतर कधीतरी उघडलं.

आता तिसरे वाचक, आपल्याला कंटाळलेले. यांना ओळखणं कठीण, कारण ते तक्रार करत नाहीत, गप्प होतात. मी माझे मागचे दहा लेख काढून प्रत्येकाचा विषय एका शब्दात लिहिते. एकदा दहापैकी सात वेळा "नदी" आलं. मग मी नदीकाठ सोडला नाही, पण नदीकडे पाठ करून उभी राहिले आणि सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर लिहिलं. जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड अरुंद, पोट मोठं. उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून बघत. विझला तर आतली हवा अजून बरी नाही. एका म्हाताऱ्या हमालांनी सांगताना हातानं दोर सोडल्यासारखं करून दाखवलं, तेच मी लिहिलं.

लिहून झालं की छापायच्या आधी एक गोष्ट करते. रात्री जेवणं आटपल्यावर, भांडी आवरून वहिनी टेकतात तेव्हा त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. त्या दमलेल्याच असतात, म्हणून तीच वेळ. कुठे त्यांची नजर घड्याळाकडे जाते तिथे पेन्सिलीनं खूण करायची, आणि तो भाग काढायचा. जिथे "थांब, परत वाच" म्हणतात तिथे आणखी लिहायचं. नुसतं "छान आहे" म्हणाल्या तर विषय बदलते.

या शनिवारी वहीत एक प्रश्न तीनदा आलेला आहे: आईची ओवीची वही आहे, अक्षर पुसट होत चाललंय, कशी जपायची. उद्या तीच परात काढायची नाही, कारण वही कोरडी आहे. आधी खिडकीच्या उजेडात तिचे फोटो काढून बघते, मग लिहीन.