होमस्टेचे फोटो काढायचेत? आधी ओटीवर बसा आणि या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर घरांचे फोटो येऊ लागतात. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुणी ना कुणी आपल्या घराचा होमस्टे केलेला असतो. फोटो पुतण्याने काढलेले असतात, नाहीतर शहरातून बोलावलेल्या एखाद्या मुलाने. खाली एकच प्रश्न असतो, "घर चांगलं आहे हो, मग फोटोत का दिसत नाही?"

घर खरंच चांगलं असतं. फोटोत मात्र खांब आत झुकलेले, खिडक्या पांढऱ्याफटक, एक भिंत पिवळी नि दुसरी निळी, आणि भर दुपारी घरातला एकूण एक दिवा चालू. दर हंगामात हेच बघतोय. या चुका कॅमेरा स्वस्त असल्यामुळे होत नाहीत, घाईमुळे होतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

पोचल्या पोचल्या कॅमेरा काढणं

मुलं गाडीतून उतरतात, चहा नको म्हणतात आणि दहाव्या मिनिटाला बेडरूममध्ये ट्रायपॉड उभा करतात. चहा घ्या. ओटीवर बसून घ्या, आणि घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा.

गुहागर, मुरूड, आंजर्ले अशा गावांत रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूची जुनी घरं बहुधा पूर्वेला, रस्त्याकडे तोंड करून असतात. मागे नारळी-पोफळीचं आगर, आणि आगर संपलं की पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. म्हणजे ओटीवर ऊन येतं ते सकाळी. 'संध्याकाळचं सोनेरी ऊन' एवढंच डोक्यात धरून जो पाच वाजता ओटी टिपायला येतो, त्याला सावलीत बुडालेली ओटी मिळते. मागीलदारी तरी ऊन असेल म्हणावं, तर ते माड आणि पोफळी अडवतात. सूर्य बुडायला तासभर असतानाच परसात अंधारून येतं. समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या नव्या कॉटेजांचं गणित याच्या बरोब्बर उलट: सकाळभर व्हरांडा सावलीत, आणि चारनंतर ऊन थेट आत, गादीपर्यंत.

ऋतूनेही फरक पडतो. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येला मावळतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन माजघरात लांबवर येतं. मे महिन्यात दुपारचा सूर्य आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा थेट ऊन घरात शिरतच नाही. खळ्यावर, म्हणजे घरासमोरच्या अंगणात, आपटून जे वर येतं तेवढंच. हा परतून आलेला उजेड मला फार आवडतो, मऊ असतो. पण खळं शेणाने सारवलेलं आहे, तांबड्या मातीचं आहे की चिऱ्याचं, त्याप्रमाणे त्याचा रंग भिंतीवर उतरतो. चुन्याची पांढरी भिंत गुलाबी का दिसतेय म्हणून मुलं एडिटिंगमध्ये तासन् तास डोकं फोडतात. उत्तर दाराबाहेर पसरलेलं असतं.

खाडीकाठचं घर असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते आणि ती नवीन माणूस कधीच बघत नाही. पाणी. बाल्कनीतून दिसणारी भरलेली खाडी हा त्या घराचा सगळ्यात मोठा फोटो, आणि तुम्ही पोचता तेव्हा समोर चिखल आणि कलंडलेल्या होड्या. आमच्याकडे दर्यावर जाणारी माणसं भरतीची वेळ तोंडी काढतात: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साडेपाचच्या आसपास ओहोटी, आणि तीही उधाणाची, पाणी लांबवर मागे हटलेलं. तेव्हा संध्याकाळच्या उजेडात खाडी भरलेली हवी असेल तर सप्तमी-अष्टमी गाठा, आणि पौर्णिमा-अमावास्येची संध्याकाळ टाळा. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती थोडी उशिरा पोचते, ते गावातल्या माणसाला विचारून घ्या. मी शूटची तारीख ठरवताना कालनिर्णय समोर ठेवतो. 'रविवारी मला सुट्टी आहे' म्हणून रविवार धरणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

सगळे दिवे लावणं

मालक उत्साहाने सगळी बटणं दाबत येतात. त्यांना वाटतं उजेड जास्त म्हणजे फोटो चांगला. त्यांचं एक वेळ ठीक आहे, पण फोटोग्राफरने तरी ती परत बंद करावीत. पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), पांढरी ट्यूब ६५०० ची, खिडकीतला दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास. हे तीन एकत्र आले की व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची कॅमेऱ्यातली सेटिंग, कशावर लावणार? भिंत दुरुस्त केली की चादर निळी पडते, चादर दुरुस्त केली की माणसं पिवळी.

माझी सवय सांगतो. दिवसा सगळे दिवे बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि लागलाच तर खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलची एक शीट. संध्याकाळी फक्त पिवळे दिवे. पांढरी ट्यूब मी कधीच लावत नाही. दिव्यांची ऊब दाखवायचीच असेल तर सूर्य बुडाल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं थांबा. तेव्हा बाहेरचं आभाळ आणि आतला दिवा जवळपास एका तोलाचे होतात, आणि खिडकी आपोआप जमते. दिवसाउजेडी खिडकीबाहेरचं दाखवायचं असेल तर एकाच ट्रायपॉडवरून दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन ते पाच फोटो घ्या आणि नंतर हाताने जोडा. पण बाहेरचं आगर आतल्या भिंतीपेक्षा थोडं उजळच राहू द्या. डोळ्यालाही ते तसंच दिसतं. एका बटणात एचडीआर करून, म्हणजे असे फोटो आपोआप जोडून देणाऱ्या अ‍ॅपवर माझा विश्वास नाही. त्यातून निघालेल्या भिंती धुरकटलेल्या दिसतात.

एलईडीखाली माणसांचे फोटो घेताना आडवे पट्टे येत असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा.

खोली मोठी दाखवणं

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि तिचा त्रास मला नाही, दुसऱ्याच माणसाला झाला. म्हणून हिच्याबद्दल मी कडक बोलतो.

गुहागरच्या बाजूला एका काकांनी माळ्यावरची खोली पाहुण्यांसाठी करून घेतली होती. दहा बाय नऊ फूट, उतरतं कौलारू छप्पर, एक लहान खिडकी, तिच्यातून पोफळीचे शेंडे दिसायचे. फार गोड खोली. मी नुकताच १६ मिलिमीटरचा, म्हणजे खूप रुंद दृश्य पकडणारा, लेन्स घेतला होता. कोपऱ्यात पाठ भिंतीला टेकवून, कॅमेरा जवळजवळ कौलांना लावून फोटो घेतला. खाट लांबलचक दिसली, खिडकी दूर गेली, मधे जमीन अंगणाएवढी पसरली. काका खूश, मीही खूश.

मे महिन्यात त्या फोटोवरून पुण्याच्या एका कुटुंबाने तीच खोली घेतली. पाच माणसं, त्यात गुडघे दुखणाऱ्या एक आजी. फोटोत दिसणाऱ्या त्या मोकळ्या जमिनीवर दोन गाद्या सहज पडतील असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात खाटेशेजारी एक माणूस जेमतेम उभा राहायचा. वर जाणारा लाकडी जिना अरुंद आणि उभा. तो मी कुठल्याच फोटोत घेतला नव्हता, कारण तो सुंदर नव्हता. आजींना तो चढणं शक्यच नव्हतं. सुट्टीचे दिवस, गावात दुसरी खोली रिकामी नाही. शेवटी काका-काकूंनी आपलं माजघर त्यांना दिलं आणि स्वतः चार रात्री पडवीत झोपले. पाहुणे गेल्यावर काकांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "अरे, ते मला खोटा म्हणाले. घर माझं, खोली माझी. पण खोटं बोललं कोण, ते तूच सांग."

मी पुढच्याच आठवड्यात गेलो आणि ती खोली पुन्हा टिपली. या वेळी कोपऱ्यात घुसलो नाही. दाराबाहेर उभा राहिलो, २८ मिलिमीटर लावला, दाराची चौकट फोटोत राहू दिली. दुसरा फोटो जिन्याचा, खालून वर. तिसऱ्यात काकू खाटेवर बसून उशीला अभ्रा घालताहेत. माणूस असला की खाटेचं माप बघणाऱ्याला आपोआप कळतं. खाली लिहायला सांगितलं: दहा बाय नऊ, दोघांसाठी, जिना उभा आहे. आता ती खोली नवरा-बायको घेतात, एकटी माणसंही घेतात. काकांनी पैसे विचारले, मी घेतले नाहीत.

तेव्हापासून माझ्या बॅगेत मोजपट्टी असते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या खाली मी क्वचितच जातो. एकच खूण लक्षात ठेवा: फोटोच्या कडेला असलेली कळशी किंवा ताट अंड्यासारखं लांबट दिसायला लागलं की तुम्ही खोटं बोलायला लागलात. न्हाणीघर खरोखर लहान असेल तर लहान दाखवा. तांब्याचा बंब, दगडी डोण, झरोक्यातून येणारी तिरीप यातलं एक काहीतरी जवळून घ्या. अख्खं न्हाणीघर एका फोटोत कोंबायची गरज नसते. एखाद्या फर्निचरच्या किंवा पडद्यांच्या ब्रँडसाठी काम करत असाल तरी हेच. सोफा ज्या मापाचा विकायचा आहे त्याच मापाचा दिसला पाहिजे, नाहीतर तो परत येतो.

आडवं-उभं न बघणं

खांब, चौकटी, भिंती उभ्याच हव्यात. कॅमेरा वर-खाली झुकवू नका, ट्रायपॉडच कमी-जास्त करा. सॉफ्टवेअरमध्ये सरळ करता येतं हे मला माहीत आहे, पण त्यात कडा कापल्या जातात. आपल्या घरांत बैठक बुटकी असते: पाट, झोपाळा, ओटीची कड. माणसाच्या उंचीवरून फोटो घेतला तर नुसत्या टेबलांचे नि खाटांचे माथे दिसतात. मी कॅमेरा साधारण साडेतीन फुटांवर ठेवतो, झोपाळ्यासाठी त्याहून खाली. जुन्या घराच्या भिंती मुळातच सरळ नसतात. तिथे समोरचा एक खांब प्रमाण धरा आणि बाकीच्यांना त्यांच्या कलाने राहू द्या.

एसीतून थेट बाहेर

एसीच्या खोलीतून दमट हवेत कॅमेरा आणलात की काचेवर बाष्प धरतं. शर्टाच्या टोकाने पुसू नका, आणि त्या वेळी लेन्स बदलू तर अजिबात नका. आदल्या रात्री बॅग एसी नसलेल्या खोलीत ठेवा, नाहीतर अर्धा तास बंद बॅगेतच बाहेर ठेवून मग उघडा. किनाऱ्यावर काम झालं की खारं पुसायला किंचित ओलसर कापड, मग कोरडं. कोरड्याने सुरुवात केली तर मीठ आणि वाळू काचेवर घासली जाते. पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेल नसेल तर बुरशी येणार, त्याला उपाय नाही.

बाहेरून आणलेली सजावट

पॅम्पास गवत, मॅक्रॅमे, 'होम' लिहिलेली पाटी. माजघरात हे नको. घरात सूप असतं, रोवळी असते, विळी असते, सावंतवाडीची लाकडी फळं असतात. तीच मांडा, आणि जिथे असतात तिथेच मांडा. डासांचं मशीन, चार्जरची वायर आणि रंगीत प्लास्टिकची बादली तेवढी उचला. चादरीला खोलीतच इस्त्री करा. घडीच्या रेषा एडिटिंगमध्ये जात नाहीत.

ताट आधी, कॅमेरा नंतर

उलट करा. रिकामं ताट ठेवून उजेड, जागा, सगळं पक्कं करा आणि मगच स्वयंपाकघरात हाक द्या. उकडीच्या मोदकाची तकतकी थोडा वेळच टिकते, मग पारी सुकून तडकते. सोलकढी ठेवली की फुटते, वर नारळाचं दूध आणि खाली गुलाबी पाणी. घावन वातड होतो. आणि जूनमध्ये 'ताज्या मासळीचं ताट' मागणाऱ्या ब्रँडला स्पष्ट सांगा: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ताटात पडेल ते बहुधा बर्फातलं.

माणसांना हसायला सांगणं

काकूंना नवी साडी नेसवून, हातात चहाचा ट्रे देऊन 'इकडे बघून हसा' म्हणणं मला बघवत नाही. ट्रायपॉड लावा, दूर बसा, आणि त्यांना सुपाऱ्या सोलू द्या. वीस मिनिटांनी त्या तुम्हाला विसरतात, आणि मग फोटो मिळतो. अर्थात, कुठे छापणार आणि कुठे टाकणार हे आधी सांगून, त्यांनी हो म्हटल्यावरच.

रात्री किनाऱ्यावर झगमगाट

वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं पाण्याच्या उजेडाकडे जातात आणि कृत्रिम दिव्यांनी वाट चुकतात. त्या दिवसांत पुळणीवर दिवे लावून 'रात्रीचं जेवण समुद्रकिनारी' हा फोटो घेऊ नका. ब्रँड कितीही मोठा असो.

हलवलेलं तसंच टाकून जाणं

कामाला हात घालण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, आणि निघताना तो बघून सगळं होतं तिथे ठेवा. आजोबांचा चष्मा, औषधाचा डबा, दाराआडची काठी, सगळं. देवघरातलं काही हलवू नका. हलवायचंच असेल तर घरातल्या माणसाला हलवू द्या, आणि तोवर चपला काढून बाहेर थांबा.