डी अँड डीच्या टेबलवर पहिल्यांदा बसताय? तिथली भाषा अशी पकडा

मित्राने रविवारी दुपारी डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, खेळायला बोलावलंय, तुम्ही नाशिकच्या इंदिरानगरहून ट्रॅफिकमधून गंगापूर रोडला पोचताय, आणि तिथे चारपाच जण टेबलाभोवती बसून "माझा एसी फक्त बारा आहे रे, मी स्क्विशी आहे, टँकला पुढे पाठव" असलं काहीतरी बोलतायत. एसी म्हटल्यावर तुमची नजर भिंतीवर जाणार हे नक्की. (स्क्विशी म्हणजे पटकन मरणारा, टँक म्हणजे पुढे उभा राहून मार झेलणारा, एसीचं खाली सांगतो.) तर जायच्या आधी एवढं वाचून जा, सगळे शब्द पाठ करायची अजिबात गरज नाहीये.

खेळ काय आहे ते दोन ओळीत. एक जण डीएम म्हणजे डंजन मास्टर, तो गोष्ट आणि जग चालवतो, बाकीचे प्रत्येकी एकेक कॅरेक्टर चालवतात आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा आणला, तोही छोट्या बाहुल्यांनी लढाया खेळायच्या छंदातून, त्यामुळे अर्ध्या विचित्र गोष्टी तिथून आल्यात आणि "हे असं का?" याचं उत्तर बरेचदा "तेव्हापासून चालत आलंय" एवढंच असतं. लॉजिक शोधत बसू नका.

पायरी १: तीन प्रश्न विचारायला शिका

कोणी काहीही बोललं, की मनात तीनच प्रश्न: कुठला डाइस टाकू, त्यात किती मिळवू, आणि किती पार करायचंय. बस. समजा भिंत चढायचीये. डीएम म्हणेल "अ‍ॅथलेटिक्स रोल कर". तुम्ही डी २० म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकला, १३ आले, शीटवर म्हणजे तुमच्या कॅरेक्टरच्या माहितीच्या कागदावर अ‍ॅथलेटिक्ससमोर अधिक ५ लिहिलंय, झाले १८. डीएमने मनात डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ धरला होता, चढलात. मारामारीतही हेच, फक्त डीसीच्या जागी समोरच्याचा एसी, म्हणजे आर्मर क्लास, त्याला लागणं किती अवघड आहे तो आकडा. लागलं की मग डॅमेजचा वेगळा फासा. "२ डी ६" म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे टाकून बेरीज, एवढंच.

इथे एक गंमत. शीटवर स्ट्रेंग्थ १६ असं मोठ्ठं लिहिलेलं असतं आणि खेळताना ते जवळजवळ कुठेच वापरत नाहीत, वापरतात बाजूचा छोटा अधिक ३. त्या १६ मधून १० वजा करायचे, दोनने भागायचं, अर्धा उरला तर खालचा आकडा घ्यायचा. मग मोठा आकडा ठेवलाय कशाला? तर पूर्वी ३ डी ६ टाकून ३ ते १८ मधला आकडा काढायचे, तो तसाच राहिलाय.

पायरी २: "लेव्हल" ऐकलं की "कशाची?" विचारा

याच्यात सगळे अडकतात. कॅरेक्टरची लेव्हल वेगळी, स्पेलची म्हणजे जादूच्या मंत्राची वेगळी. फायरबॉल हा तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, पण विझार्डला म्हणजे जादूगाराला तो मिळतो पाचव्या लेव्हलला. म्हणजे "मी थर्ड लेव्हल आहे मग फायरबॉल का नाही" असं भांडू नका, बरोबर ऐकलंय तुम्ही, नावंच वाईट ठेवलीयेत त्यांनी.

आणि कुठली एडिशन चाललीये तेही विचारून घ्या. जुन्या एडिशनमध्ये एसी जितका कमी तितका चांगला होता, १९८९ च्या दुसऱ्या एडिशनमध्ये त्यासाठी "थॅको" नावाचा हिशेब होता, आणि २००० साली तिसऱ्या एडिशनने ते सगळं उलटं करून आकडा जास्त म्हणजे चांगला असं केलं. कोणी जुना खेळाडू "आमच्या थॅकोच्या काळात" म्हणून सुरू झाला तर मान हलवा आणि चहा घ्या.

पायरी ३: काही गोष्टी निमूट मान्य करा

एचपी म्हणजे जीव किती शिल्लक. पण एकच एचपी उरलेला माणूस पूर्ण एचपीवाल्याइतकाच जोरात लढतो, शून्य झाला की मात्र सरळ आडवा. आणि पाचव्या एडिशनमध्ये दिवसभर ओरबाडून निघालेला माणूस आठ तासांची लाँग रेस्ट घेतली की सकाळी ठणठणीत. का म्हणून विचारू नका.

नॅट २० म्हणजे फाशावरच वीस. हल्ल्यात आला की लागतोच आणि डॅमेजचे फासे दुप्पट. पण भिंत चढणं, कोणाला पटवणं असल्या रोलला पाचव्या एडिशनच्या पुस्तकात तसं खास काही नाही, फक्त टेबलवर आरडाओरडा होतो, तेव्हा वीस पडला म्हणून राजा आपलं राज्य तुमच्या नावावर करून देत नाही.

पायरी ४: तुम्हाला माहितीये ते कॅरेक्टरला माहिती नाही

तुम्हाला माहिती असलेलं कॅरेक्टरच्या तोंडी घालणं, याला मेटागेमिंग म्हणतात आणि नवीन माणूस यातच जास्त ओरडा खातो. डी अँड डीमध्ये "राक्षस" नावाचाच एक मॉन्स्टर आहे. आपण नाशिकचे, पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं हे लहानपणापासून ऐकलेलं, राक्षस म्हणजे काय हे आपल्याला कोण शिकवणार. पण यांचा राक्षस वाघाच्या डोक्याचा, भारी कपडे घालणारा, रूप बदलून माणसात राहणारा, आणि त्याचे तळहात उलटे! ओरिजिनल रूपात अंगठा भलत्याच बाजूला. बरं त्याच्यावर पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या पुस्तकात सहाव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल त्याची इच्छा नसेल तर चालतच नाहीत. त्यामुळे रामायणाच्या भरवशावर प्लॅन करू नका.

आता डीएम म्हणाला, "शेठजी बोलतायत पण हात सारखे बाहीत लपवतायत." तुम्ही हा लेख वाचलाय, तुम्हाला लगेच कळलं. पण तुमचं कॅरेक्टर खेड्यातल्या लोहाराची पोरगी आहे, तिने राक्षस बघितलेला नाही. तर "राक्षस आहे, मारा!" असं ओरडायचं नाही. विचारायचं, "मला यातलं काही माहिती असेल का?" डीएम रोल करायला सांगेल, जमला तर ओरडा.

पायरी ५: डीएमचा सूर ओळखा

"नक्की?" असं डीएमने हळूच विचारलं, की थांबा. याचा अर्थ बहुतेक वेळा तुम्ही सीन चुकीचा समजलाय, दरी चाळीस फूट आहे आणि तुम्हाला ती चार फूट वाटतेय. "मला काय दिसतंय ते परत सांग ना" म्हणा, त्यात कमीपणा नाही. न थांबता उडी मारली आणि तुमच्या मागे सगळे गेले की होतो टीपीके, टोटल पार्टी किल, अख्खी टीम एकदम खलास.

लोकांना चिकटणारी नावं पण असतात. दिसेल त्याला मारून लुटणारा मर्डरहोबो, नियमावर नियम काढणारा रूल्स लॉयर. डीएमचा निर्णय पटला नाही तर एकदा बोला, मग सेशन संपल्यावर वाद घाला, मध्येच रडीचा डाव नको. डीएमने सांगायच्या आधी फासा टाकू नका, आणि दुसऱ्याच्या फाशांना न विचारता हात तर अजिबात लावू नका, लोक यात फार हळवे असतात.

फासे पहिल्या दिवशी विकत घ्यायला नकोत, कोणीतरी देतंच. नियमांचा मूळ भाग, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या परवान्याखाली फुकट आहे, तो चाळून जा. आणि कॅरेक्टर फायटर म्हणजे साधा लढवय्या घ्या. विझार्ड घेतलात तर तुमची टर्न आली की तुम्ही स्पेलची यादी वाचत बसाल आणि बाकीचे तेवढ्यात मिसळ ऑर्डर करतील.