नॉर्मन सरदारांच्या स्वाऱ्यांचा अभ्यास कसा करावा

नॉर्मन लोकांविषयी वाचायला बसणारा बहुतेक वाचक १४ ऑक्टोबर १०६६ या तारखेपासून, म्हणजे हेस्टिंग्जच्या लढाईपासून सुरुवात करतो. हा क्रम बदलावा. हेस्टिंग्जला इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड पडला त्यापूर्वी सुमारे अर्धे शतक नॉर्मन स्वार दक्षिण इटलीत भाडोत्री सैनिक म्हणून लढत होते, तेथे जमिनी मिळवून स्थायिक होत होते, आणि त्यांच्यापैकी एक जण, रॉबर्ट गिस्कार, १०५९ मध्ये पोपच्या हातून आपुलिया व कॅलाब्रियाचा ड्यूकही झाला होता. इंग्लंडची स्वारी नॉर्मंडीच्या (उत्तर फ्रान्समधील प्रांताच्या) ड्यूकने, विल्यमने, स्वतः आखली होती, तर इटलीतील विजयामागे कोणाचाही हुकूम नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच सूत्रात बसवायच्या असतील, तर रणांगण बाजूला ठेवून आधी घराणी हाती घ्यावीत.

त्यासाठी ओतव्हिल घराण्याइतके सोयीचे दुसरे उदाहरण नाही. नॉर्मंडीच्या कोतांतां द्वीपकल्पातील तांक्रेद हा बेताच्या जमिनीचा सरदार. त्याला दोन बायकांपासून बारा मुलगे झाले; गिस्कार हा त्यांपैकीच एक. एवढ्या मुलांना पुरेल इतकी जमीन घरी नव्हती, हे ध्यानात आले की इटलीकडे जाणारी वाट आपोआप उलगडते. एका मोठ्या कागदावर या घराण्याची वंशावळ काढावी आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: जमीन कोठे मिळाली, लग्न कोणाच्या घरात झाले, आणि वारसा कोणाला डावलून कोणाकडे गेला.

तिसऱ्या नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. गिस्कारची पहिली पत्नी अल्बेराडा आणि तिचा मुलगा बोहेमंड. १०५८ च्या सुमारास गिस्कारने जवळच्या नात्याचे कारण पुढे करून तिच्याशी फारकत घेतली आणि सालेर्नोच्या लोंबार्ड राजपुत्राची बहीण सिकेलगाइता हिच्याशी लग्न केले. लग्नाचा राजकीय हिशेब उघड होता: स्थानिक लोंबार्ड उमरावांच्या नजरेत या उपऱ्या स्वाराला प्रतिष्ठा मिळाली. परंतु १०८५ मध्ये गिस्कार वारला तेव्हा गादी सिकेलगाइताच्या मुलाकडे, रॉजर बोर्साकडे, गेली आणि थोरला बोहेमंड मागे राहिला. हाच बोहेमंड १०९६ मध्ये अमाल्फीचा वेढा सोडून पहिल्या धर्मयुद्धात सामील झाला आणि १०९८ मध्ये अँटिऑक जिंकल्यावर ते शहर बायझंटाईन सम्राटाला परत न देता स्वतःकडेच ठेवून बसला. श्रद्धेचा भाग नाकारण्याचे कारण नाही. मात्र अँटिऑकचा उलगडा वंशावळीशेजारी ठेवून वाचल्याशिवाय होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर साधनांकडे वळावे. प्रत्येक इतिवृत्तकार वाचण्यापूर्वी तो कोणाच्या पदरी होता, हे टिपून घ्यावे. विल्यम ऑफ प्वातिए हा ड्यूक विल्यमचा धर्मगुरू, त्यामुळे त्याचा धनी सदैव न्यायी असतो. मालातेराने गिस्कारचा धाकटा भाऊ, सिसिलीचा काउंट रॉजर, याच्यासाठी लिहिले. ॲना कोम्नेना ही बायझंटाईन सम्राट अलेक्सिऑसची मुलगी, म्हणजे थेट शत्रुपक्षातली. तरीही बोहेमंडच्या धिप्पाड देहाचे तिने केलेले वर्णन असे आहे की तिरस्कार आणि कौतुक वेगळे काढता येत नाहीत. माझा सर्वांत अधिक विश्वास ऑर्डेरिक व्हायटॅलिसवर आहे. त्याची आई इंग्लिश. जन्म १०७५ चा, श्रूजबरीजवळचा. आणि बालवयातच त्याला नॉर्मंडीच्या मठात पाठवले गेले. १०६९-७० च्या हिवाळ्यात विल्यमने उत्तर इंग्लंड बेचिराख केले, त्याबद्दल तो राजाला क्षमा करत नाही. एक लाख माणसे भुकेने मेल्याचा त्याचा आकडा मात्र शब्दशः घेऊ नये. मध्ययुगीन लेखकांचे मोठे आकडे दुःखाचे प्रमाण सांगतात, मोजणी नव्हे.

हेस्टिंग्जच्या स्वारीची चित्रकथा सांगणारा बाय्योचा पट पाहताना घाई करू नये. सुमारे सत्तर मीटर लांबीचा हा पट विणलेला नसून लिननवर लोकरीने भरतकाम केलेला आहे, आणि बहुधा विल्यमचा सावत्र भाऊ, बाय्योचा बिशप ओदो, याच्यासाठी इंग्लंडमध्ये तयार झाला. मुख्य पट्ट्याइतकेच खालच्या किनारीकडेही लक्ष द्यावे. लढाईच्या अखेरीस वर स्वार झुंजत असतात आणि खाली काही माणसे मेलेल्यांच्या अंगावरून चिलखते ओरबाडून काढत असतात, कारण लोखंडी कड्यांचे चिलखत ही अतिशय महाग वस्तू होती. हेस्टिंग्जला गढीसाठी मातीचा उंचवटा रचला जात असतानाच्या दृश्यात दोन मजूर कामाची फावडी एकमेकांवर उगारून भांडत आहेत. हॅरॉल्डच्या मृत्यूपाशी थांबून मथळ्याखालच्या दोन्ही आकृती पाहाव्यात: एकीच्या डोळ्यापाशी बाण, दुसरी घोडेस्वाराच्या तलवारीखाली कोसळणारी. यांपैकी हॅरॉल्ड कोणता, की दोन्ही तोच, यावर अभ्यासकांचे एकमत नाही; शिवाय पटाची पुढे डागडुजी झालेली असल्याने त्या बाणावर फार मोठा निष्कर्ष उभारू नये.

लढाईनंतर काय झाले हे पाहण्यासाठी १०८६ च्या डूम्सडे पाहणीसारखे, म्हणजे विल्यमने करवलेल्या इंग्लंडच्या जमिनींच्या नोंदींसारखे, साधन नाही. एखाद्या गावाची नोंद निवडून ती ओळीओळीने वाचावी. गाव आता कोणाकडे आहे, राजा एडवर्डच्या (हॅरॉल्डच्या आधीच्या राजाच्या) काळी कोणाकडे होते, करआकारणी किती हाइडवर (हाइड हे जमिनीच्या करआकारणीचे एकक), नांगर किती, कुळे किती, गुलाम किती, गिरणी व कुरण आहे का, आणि शेवटी उत्पन्न तेव्हा किती व आता किती. जुन्या मालकाचे इंग्लिश नाव आणि नव्या मालकाचे नॉर्मन नाव शेजारी शेजारी आले की सत्तांतर दिसते. अशा पाच-पंचवीस नोंदी नकाशावर मांडल्या की मोठे उमराव ओळखू येतात: श्रॉपशरमध्ये रॉजर ऑफ मॉन्टगोमरी, चेशरमध्ये ह्यू ऑफ आव्रांश. यॉर्कशरच्या असंख्य नोंदी ‘उजाड’ या अर्थाच्या एका शब्दावर संपतात. त्या वाचताना ऑर्डेरिकचा संताप आठवावा. लंडन आणि विंचेस्टर या पाहणीत नाहीत, हेही विसरू नये.

आता हाच प्रश्न सिसिलीला विचारावा. तेथे विजयाला तीस वर्षे लागली: १०६१ मध्ये मेसिना, १०७२ मध्ये पालेर्मो, १०९१ मध्ये नोटो. हाताशी नॉर्मन माणसे मोजकी असल्याने अरबी व ग्रीक कारकून, त्यांची दप्तरे आणि मुस्लिम सैनिकही नव्या राज्यकर्त्यांनी कामावर ठेवले. काउंट रॉजरचा मुलगा आणि ११३० मध्ये राजा झालेल्या दुसऱ्या रॉजरच्या दरबारी अल-इद्रीसीने ११५४ मध्ये अरबीत भूगोलग्रंथ पूर्ण केला. यावरून सिसिलीचे नॉर्मन उदार आणि इंग्लंडचे क्रूर, असा सोपा निकाल देण्याचा मोह होतो, तो टाळावा. इंग्लंडच्या वारशावर विल्यमचा दावा होता आणि तेथील उमराव बंडांमुळे एकेक करून बाजूला झाले, तर सिसिलीत कारभार चालवणारे हातच दुसऱ्यांचे होते.

अभ्यास कोठे थांबवावा, याचीही खूण आधीच ठरवावी. सिसिलीसाठी ११९४ हे साल घ्यावे, कारण त्या वर्षी दुसऱ्या रॉजरची मुलगी कॉन्स्टन्स हिच्या हक्काच्या आधारे तिचा पती, जर्मन सम्राट सहावा हेन्री, पालेर्मोच्या गादीवर बसला. इंग्लंडसाठी १२०४ घ्यावे. त्या वर्षी नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाकडे गेली आणि दोन्ही किनाऱ्यांवर जमीन असलेल्या उमरावांना एक बाजू निवडणे भाग पडले. विल्यम मार्शल या इंग्लंडच्या बड्या उमरावाने मात्र फ्रान्सच्या राजासमोर निष्ठेची शपथ घेऊन नॉर्मंडीतल्या जमिनीही राखल्या आणि इंग्लंडच्या जॉन राजाचा रोषही ओढवून घेतला.