सुतार पक्ष्याचं वागणं टिपताना या चुका टाळा

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर नव्याने पक्षी बघायला येणाऱ्यांच्या वहीत एक नोंद बऱ्याचदा दिसते: "सुतार भोकात अन्न साठवत होता." ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या व्हिडिओंमधून येते. तिथला एक सुतार पक्षी ओकची फळं खोडात भोकं पाडून एकेक करून घट्ट बसवतो. एका झाडात अशी हजारो भोकं असतात. फळ वाळून आकसलं की तो ते लहान भोकात हलवतो आणि सगळं कुटुंब मिळून त्या कोठाराची राखण करतं. आपल्याकडचा सोनपाठी सुतार किंवा मराठा सुतार असं कोठार करत नाही. तो सालीखालच्या मुंग्या, अळ्या शोधत असतो. चोच आत जाताना रिकामी होती की भरलेली, हे दुर्बिणीतून बघा आणि तेवढंच लिहा.

प्रत्येक गोल भोक सुताराचंच असतं असंही नाही. वाळक्या फांदीत तांबटही घरटं कोरतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो धोक्याच्या इशाऱ्यात. सोनपाठी सुतार उडतानाही मोठ्याने किंचाळतो, त्यामुळे नुसत्या आवाजावरून 'इशारा' लिहू नका. आजूबाजूला बघा: सातभाईंचा कालवा चाललाय का, खार एकसारखी चिरकतेय का, शिक्रा (लहान शिकारी पक्षी) खरंच दिसला का? शिक्र्याचा आवाज ऐकला एवढ्यावरही भागत नाही, कारण कोतवाल त्याची हुबेहूब नक्कल करतो. शिवाय सुतार अनेकदा ओरडतच नाही. खोडाच्या पलीकडे सरकतो आणि सालीला चिकटून निश्चल राहतो. ही शांतताही नोंदवा, वेळेसकट. नोंदींमध्ये मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच, आणि नेमकी तीच राहून जाते.

कधी कधी पक्षी तुम्हालाच घाबरलेला असतो. दहा-पंधरा पावलं मागे या, बसून घ्या. तो पुन्हा टोचायला लागला तर कारण कळलं. साधारण फेब्रुवारी ते जुलै विणीचा काळ. तेव्हा ढोलीखाली ठिय्या देऊ नका. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर कधीच नको. पिल्लांना भरवायचं सोडून तो नसलेला प्रतिस्पर्धी शोधत फिरतो, आणि तुमच्या वहीत उतरतं ते तुम्हीच घडवलेलं वागणं.