या चुका टाळा: रडार डिटेक्टर, स्पीडगन आणि महामार्गावरचा वेग

नाशिकहून धुळ्याकडे किंवा समृद्धीवर निघताना काही जण पोलिसांच्या स्पीडगनची आगाऊ सूचना मिळावी म्हणून काचेला रडार डिटेक्टर चिकटवतात, नाहीतर कॅमेऱ्याची सूचना देणारं ॲप लावतात आणि निर्धास्त होतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

डिटेक्टर रडारच्या लहरी पकडतो, साधारण २४ किंवा ३४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर, म्हणजे वेग तपासणाऱ्या गाडीतली गन मात्र बहुतेक वेळा लेझरची असते. तिचा झोत ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो, नेमका तुमच्याच गाडीवर धरलेला, आणि वेग अर्ध्या सेकंदाच्या आत नोंदला जातो. डिटेक्टर वाजेपर्यंत काम झालेलं असतं. उलट शेजारून गेलेल्या गाडीच्या ब्लाइंड स्पॉट सेन्सरमुळे (आरशात न दिसणारी गाडी टिपणारा सेन्सर) तो उगाच कोकलतो, कारण त्यातले बरेच सेन्सर २४ गिगाहर्ट्झवरच चालतात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर तर कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधला सरासरी वेगही मोजतात. १० किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांत कापलं, की वेग ताशी १०९ निघाला. इथे पकडायला लहरच नाही. गनच्या लहरींत अडथळा आणणाऱ्या जॅमरच्या तर वाटेलाच जाऊ नका, परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदा आहे.

ॲप वाजलं की करकचून ब्रेक मारायचा आणि कॅमेरा मागे पडला की पुन्हा पाय दाबायचा, ही सवय दंडापेक्षा घातक. ताशी १०० वेगाने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा दीड सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर थांबायला सुमारे ९५ ते १०० मीटर लागतात. १२० ला १३० मीटरच्या घरात. मागचा ट्रक लोड भरलेला असेल, तर त्याला याहून जास्त. पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंदांचं अंतर ठेवा, पावसात दुप्पट.

वेगमर्यादा सगळ्यांना सारखी नसते, इथे बरेच जण फसतात. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर कारला १००, चालकाशिवाय आठपेक्षा जास्त सीट असलेल्या प्रवासी गाडीला ९०, मालवाहू गाडीला आणि मोटारसायकलला ८०. म्हणजे शिर्डी-त्र्यंबकसाठी भाड्याने घेतलेली टेम्पो ट्रॅव्हलर कारच्या बरोबरीने पळवता येत नाही. एक्स्प्रेसवेवरचे १२० फक्त कारसाठी. पाटीवर कमी आकडा असेल, तर पाटीच खरी. कायद्यात हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे. पुन्हा सापडलात तर लायसन्सही जप्त होऊ शकतं.

मोठे टायर बसवले असतील तर स्पीडोमीटरवर विसंबू नका. १८५/६५ आर१५ काढून २०५/६५ आर१५ टाकला, की व्यास साधारण ४ टक्क्यांनी वाढतो आणि काटा आधीपेक्षा तेवढाच कमी दाखवू लागतो. सरळ रस्त्यावर वेग स्थिर ठेवून शेजारी बसलेल्याला जीपीएसचा आकडा वाचायला सांगा, फरक लगेच कळतो.

रात्री पिंपळगाव-चांदवड पट्ट्यात कांद्याचे ट्रॅक्टर असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर धुळीने माखलेला असतो. ट्रॅक्टर २५ ने चाललाय आणि तुम्ही १०० ने, म्हणजे अंतर सेकंदाला २१ मीटरने घटतंय. लो बीममध्ये ट्रॉली ५०-६० मीटरवर दिसली, तर हातात तीन सेकंदही उरत नाहीत. हंगामात इथे अंधारात ७० च्या वर जाऊ नये, मग पाटी काहीही म्हणो.

कसारा घाट उतरताना न्यूट्रल करू नका. चढायला जो गिअर लागला असता तोच उतरताना टाका, ब्रेक दाबून सोडा. सतत दाबून ठेवला की पॅड तापतात आणि पकड जाते. इगतपुरीच्या धुक्यात लो बीम आणि फॉग लॅम्प लावा. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावलेत, तर तुम्ही कुठे वळताय हे मागच्याला कळत नाही.

चलनाचा मेसेज येत नाही म्हणून चलन नाही असं समजू नका. आरसीवर जुना मोबाइल नंबर असेल, तर तो मेसेज तिसऱ्याच्याच फोनवर जातो. नंबर परिवहन पोर्टलवर बदलून घ्या, महाट्रॅफिक ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा आणि पैसे भरण्याआधी फोटोतली गाडी आपलीच आहे ना, हे तपासा. नसेल तर तिथेच तक्रार नोंदवता येते.