कळी उघडून फुलाचं कुळ कसं ओळखायचं

उमललेलं फूल बघून झाडाचं कुळ ठरवायला गेलं की बऱ्याचदा फसायला होतं, कारण फूल उमलेपर्यंत काही भाग एकमेकांना चिकटलेले असतात, काही वाढायचेच थांबलेले असतात. कमळ आणि वॉटर लिली घ्या. दोन्ही पाण्यात, दोन्हींना भरपूर पाकळ्या, एके काळी दोघांना एकाच कुळात धरायचे, पण कमळाचा जवळचा नातेवाईक निघाला चक्क चिनार, म्हणजे जमिनीवरचा मोठा वृक्ष! म्हणून नातं शोधायचं तर फूल घडतं कसं ते बघायला हवं, आणि त्यातलं बरंच काही घरच्या टेबलावर बघता येतं.

सामान फार नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोन शिवणाच्या सुया, नवीन ब्लेड, काळा कागद आणि थोडं पाणी. ब्लेडने स्वतःकडे कापू नका.

आधी कळ्या वयाप्रमाणे लावा. सुरुवात मोहरीपासून करा, कारण एकाच तुऱ्यात कडेला मोठ्या आणि मधोमध अगदी बारीक अशा सगळ्या वयाच्या कळ्या मिळतात. कागदावर मोठीपासून लहानपर्यंत रांग लावायची.

मग बाहेरून आत या. दोनेक मिलिमीटरची कळी पाण्याच्या थेंबात ठेवून सुईने चार हिरवी निदलं, म्हणजे कळीची बाहेरची आवरणं, अलगद सोडवा. आत सहा जाडजूड पुंकेसर दिसतील, त्यातले दोन बाजूचे आणि आखूड, मधे स्त्रीकेसर, आणि पाकळ्या? त्या दिसतच नाहीत. नाहीतच असं समजून कळी टाकू नका, पुंकेसरांच्या बुडाशी नीट बघा, इवल्याशा खवल्यांसारख्या चार असतात. पाकळ्या मागे राहतात आणि उमलायच्या थोडं आधी भराभर वाढतात. मला अजूनही हे बघताना भारी वाटतं, कारण ज्या पिवळ्या रंगावरून आपण मोहरी ओळखतो तो भाग वाढीत सगळ्यात शेवटी येतो.

कोण कोणावर झाकलंय ते लिहून ठेवा. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वाटाण्याची उमलायला आलेली कळी मधोमध आडवी कापा आणि पाकळ्यांची वर्तुळं कागदावर रेखाटा, वरची मोठी पाकळी सगळ्यांना बाहेरून गुंडाळून बसलेली दिसेल. आता कांचनाची कळी तशीच कापा, तिथे त्याच जागेवरची पाकळी सगळ्यात आत असते. रेडबड नावाच्या झाडाचं उमललेलं फूल हुबेहूब वाटाण्यासारखं दिसतं, पण कळीत त्याची वरची पाकळी आत, आणि रेडबड खरंच कांचनाच्याच उपकुळात आहे, वाटाण्याच्या नाही. रूप सारखं झालं पण घडण वेगळीच राहिली.

अर्धवट राहिलेले भाग शोधा. स्नॅपड्रॅगनला पाकळ्या पाच पण पुंकेसर चारच. वरच्या दोन पाकळ्यांच्या मधे बुडाशी शोधलं तर पाचव्याचा खुंट सापडतो, तो सुरू होतो आणि वाढायचा थांबतो, म्हणजे पूर्वजांना पाच होते. पपईच्या नर फुलातही बारकासा निकामी स्त्रीकेसर असतो.

डबल, म्हणजे जादा पाकळ्यांची, फुलं टाळू नका. डबल जास्वंदीत शोधलं तर अर्धी पाकळी आणि काठावर परागकोश असं मधलंच काहीतरी मिळतं. फुलाचे भाग म्हणजे बदललेली पानंच असं जर्मन कवी गटेने १७९० मधे मांडलं होतं. १९९१ मधे कोएन आणि मेयरोविट्झ या शास्त्रज्ञांनी एबीसी मॉडेल दिलं, त्यात ए, बी, सी ही जीन्सच्या तीन गटांची नावं: फक्त ए असेल तर निदल, ए आणि बी मिळून पाकळी, बी आणि सी मिळून पुंकेसर, नुसतं सी म्हणजे स्त्रीकेसर. सी गेलं की पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात, म्हणजे नवीन रूप यायला अख्खं फूल नव्याने घडावं लागत नाही, एका जीनचं काम कुठे चालू किंवा बंद होतं एवढ्यानेही भागतं.

एक सावधगिरी मात्र हवीच. पुष्कळ पुंकेसर असतील तर काही फुलांत ते बाहेरून आत बनत जातात, काहींत आतून बाहेर, जसे जास्वंदीच्या कुळात. आतून बाहेर ही खूण वनस्पतिशास्त्रज्ञ क्रॉन्क्विस्टच्या १९८१ च्या वर्गीकरणात एका मोठ्या गटाच्या लक्षणांत धरली होती, पण डीएनए बघितल्यावर कळलं की ही पद्धत वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आलीय, आणि १९९८ च्या एपीजी वर्गीकरणात (डीएनएवर आधारलेलं फुलझाडांचं वर्गीकरण) तो गट राहिलाच नाही. त्यामुळे एका खुणेवर कुळ ठरवू नका, निदान तीन खुणा जुळल्या तर अंदाज लिहा, मग २०१६ च्या एपीजी यादीशी ताडून बघा, आणि चुकलं असेल तर त्याच झाडाच्या आणखी लहान कळ्या उघडा.