मंगोल स्वाऱ्या आणि व्यापार: अभ्यास करताना या चुका टाळा

मंगोलांमुळे व्यापाराचं काय झालं असं विचारलं की दोनच उत्तरं ऐकू येतात, एक तर सगळं बेचिराख झालं नाहीतर रेशीम मार्गाला सोन्याचे दिवस आले. दोन्ही अर्धवट आहेत. आधी साल आणि गाव बघा. १२१८ साली मध्य आशियातल्या ख्वारिज्म राज्याच्या ओत्रार शहराच्या सुभेदाराने चंगेजखानाकडून आलेल्या व्यापाऱ्यांचा तांडाच कापून काढला आणि तिथून युद्ध पेटलं, १२२०-२१ मध्ये बुखारा, समरकंद, मर्व, निशापूर ही मध्य आशिया-इराणमधली शहरं उद्ध्वस्त झाली आणि मर्वला जुने दिवस परत कधीच आले नाहीत. पण त्याच शतकाच्या अखेरीस इराणमधल्या तब्रीझच्या बाजारात इटलीतल्या जिनोआचे व्यापारी धंदा करत होते!

दुसरी चूक म्हणजे कागदी चलन मंगोलांनी शोधलं असं लिहिणं. चीनमध्ये ते मंगोलांच्या आधीच्या सोंग घराण्याच्या काळापासूनच होतं. चंगेजखानाचा नातू कुबलाईखान याने १२६० मध्ये नोटा काढल्या तेव्हा त्यांना चांदीचा आधार होता, पुढे खर्च भागवायला छापतच गेले आणि १२८७ ला नवी एक नोट म्हणजे जुन्या पाच असा भाव ठरवावा लागला.

आणि कृपा करून इराणची गोष्ट चीनच्या गोष्टीत मिसळू नका, ती वेगळी आहे आणि नीट समजून घेण्यासारखी आहे. इलखान (इराणच्या मंगोल राजांची पदवी) गैखातूने उधळपट्टी करून खजिना रिकामा केला, मग १२९४ मध्ये वजीर सद्रुद्दीन झंजानीने तब्रीझला चिनी धर्तीवर नोटा काढल्या, घ्यायला नकार दिला तर मृत्युदंड. तरी लोकांनी दुकानं बंद केली, बाजारात खायला मिळेना, आणि साधारण दोन महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या. नुसत्या धाकावर पैसा चालत नाही हे इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं. नंतर गाझानखानाने चांदीच्या नाण्यांचं वजन एकसारखं केलं तेव्हा कुठे घडी बसली.

मुहम्मद तुघलकाचं सांकेतिक चलनही (म्हणजे धातूच्या किमतीपेक्षा जास्त भावाने चालवलेली नाणी) लोक थेट यातच घालतात. चीन-इराणचं उदाहरण त्याच्यासमोर होतं असं मानतात, पण त्याची नाणी पितळ-तांब्याची होती, ती घरोघरी बनावट पाडता आली आणि शेवटी खजिन्यातून सोनंचांदी देऊन परत घ्यावी लागली. यातली काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीची आहेत, त्यामुळे नाण्यांचा कॅटलॉग चाळताना टांकसाळीचं नाव आवर्जून बघा, सगळी दिल्लीची समजू नका.